दहा येनची काठी पंधराची झाली त्याची गोष्ट

२०२४ च्या ऑक्टोबरात लेकीच्या शाळेतून सहलीची चिठ्ठी आली. इकडे जपानमध्ये शाळेच्या सहलीला एन्सोकु म्हणतात आणि तिची चिठ्ठी हा एक वेगळाच साहित्यप्रकार आहे, म्हणजे पाण्याची बाटली, बसायला प्लास्टिकची शीट, रुमाल, कचऱ्यासाठी पिशवी, पाऊस आला तर काय, पाऊस येईल असं वाटलं पण आला नाही तर काय, सगळं लिहिलेलं असतं. आणि अगदी खाली एक ओळ होती. ओयात्सु म्हणजे खाऊ, ३०० येनपर्यंत.

आता ही ३०० येनची मर्यादा इथल्या कित्येक पिढ्यांनी पाळलेली आहे. सगळ्या शाळांत अजून आहे असं नाही, काही ठिकाणी आकडा वेगळा, काही ठिकाणी खाऊच बंद. पण कुठल्याही जपानी माणसाला एन्सोकु म्हणा, तो लगेच म्हणणार, "सर, केळं खाऊत धरायचं का?" हा त्यांचा राष्ट्रीय विनोद आहे. केळं जर डब्यातलं फळ म्हणून धरलं तर ३०० येन पूर्ण वाचतात, खाऊ म्हणून धरलं तर गेले ना पैसे. यावर ऑफिसात मोठमोठे लोक अजून वाद घालताना मी ऐकलंय.

आमच्या लेकीने केळ्याचं नाव काढलं नाही. तिने चिठ्ठी वाचली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "आई, ३०० म्हणजे करासकट की कर सोडून?"

मी म्हटलं हिचं सगळं इथलंच आहे आता.

मग तिने कागद घेतला आणि हिशेब मांडायला बसली आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, उमाइबो. आणि पुढे किंमत लिहिताना अडकली. कारण त्याच महिन्याच्या १ तारखेपासून उमाइबो १२ येनवरून १५ येन झाला होता. तिचं तोंड बघण्यासारखं होतं. ३०० भागिले १५ म्हणजे २०. १२ ने भागलं असतं तर २५. आणि तिच्या बाबांच्या ऑफिसातले जे काका आमच्याकडे कधीमधी जेवायला येतात त्यांच्या लहानपणी, जेव्हा उमाइबो १० येनला होता, तेव्हा तब्बल ३०. वीस काठ्या कोण खाणार आहे हा प्रश्न वेगळा.

तर हा उमाइबो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, उमाइ म्हणजे चविष्ट आणि बो म्हणजे काठी. चविष्ट काठी, बास, नावात काहीही काव्य नाही. मक्याची फुगवलेली एक नळी, हाताच्या मधल्या बोटापेक्षा थोडी लांब, मधोमध आरपार भोक, वरून तेल आणि मसाल्याची पूड, प्रत्येक काठी आपापल्या चकचकीत पुडीत. वजन बहुतेक चवींत सहा ग्रॅमच्या आसपास. सहा ग्रॅम! हातात घेतली की काही घेतलंय असं वाटतच नाही. मक्याचा रवा यंत्रात दाब आणि उष्णता देऊन पुढे ढकलतात, तो यंत्राच्या तोंडातून बाहेर पडला की दाब सुटतो आणि फुस्सकन फुगतो, मग कापायचा, वाळवायचा आणि फिरत्या पिंपात घालून चव चढवायची. मधल्या भोकामुळे चावताना ती एकदम कुरकुरीत लागते, नाहीतर एवढी जाड काठी म्हणजे दातांना व्यायाम झाला असता. तरी दप्तरात ठेवली की भुगा होतोच, हे मी अनुभवाने सांगते.

विकणारी कंपनी याओकिन, टोकियोच्या सुमिदा भागातली, आणि प्रत्यक्ष बनवणारी रिस्का, इबाराकीतली. म्हणजे डोकं एकाचं आणि कारखाना दुसऱ्याचा. १९७९ साली बाजारात आली. आणि पुडीवर जो गोल चेहऱ्याचा, मांजरासारखा दिसणारा प्राणी आहे त्याला लोक उमाएमोन म्हणतात, आणि हो, तो तुम्हाला ज्याची आठवण करून देतोय त्याचीच सगळ्यांना आठवण येते, आणि गंमत म्हणजे डोरेमॉनची आज सगळ्यांना माहीत असलेली टीव्ही मालिकासुद्धा १९७९ च्याच एप्रिलमध्ये सुरू झाली. मी यावर आणखी काही बोलत नाही. प्रत्येक चवीच्या पुडीवर हा प्राणी वेगळ्या वेषात असतो, लेकीला चवीपेक्षा त्याचंच कौतुक जास्त.

चवी किती आहेत विचारू नका. मेंताइ म्हणजे माशाच्या तिखट अंड्यांची, कॉर्न पोटाज म्हणजे मक्याच्या घट्ट सुपाची, चीज, सलामी, तेरियाकी बर्गर, ताकोयाकी, तोन्कात्सु सॉस, व्हेज सॅलड, नात्तो, शुगर रस्क आणि थंडीच्या दिवसांत चॉकलेट. मधेच काही येतात नि काही जातात. माझं मत विचाराल तर कॉर्न पोटाज एक नंबर, बाकीच्यांनी रांगेत मागे उभं राहावं. मक्याच्या काठीला मक्याच्या सुपाची चव ही कल्पना ऐकायला मूर्खपणाची वाटते पण खाऊन बघा. सॅलडवाली मला कधी कळली नाही. नात्तोबद्दल शेवटी सांगते. आणि आपल्यातल्या शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना, चवीच्या नावात मांस नाही म्हणून बिनधास्त होऊ नका, मसाल्यात कोंबडीचा किंवा डुकराचा अर्क असू शकतो, मागचं लेबल वाचायचं. माझ्या पहिल्या वर्षात मला लेबल वाचता येत नव्हतं आणि मी काय काय खाल्लं असेल ते देवालाच ठाऊक.

पण खरं सांगू का, उमाइबो काही फार ग्रेट खाऊ नाहीये. म्हणजे चांगला आहे, एक खाल्ली की दुसरी उघडावीशी वाटते, पण जपानमध्ये याच्यापेक्षा दहापट चांगले खाऊ आहेत, या देशात तांदळाच्या चकतीला सोया सॉस लावून भाजायचं एवढं एक काम लोक पिढ्यानपिढ्या करतात आणि ते खाल्लं की डोळे मिटतात. मग या मक्याच्या नळीवर एवढं प्रेम कशाला? मला हे बरीच वर्षं कळलं नव्हतं. लेकीला हिशेब करताना बघितलं तेव्हा कळलं की मी चवीत शोधत होते आणि ते किमतीत होतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

उमाइबो हा दागाशी या जातीतला खाऊ. काशी म्हणजे मिठाई, खाऊ, आणि दा म्हणजे हलक्या प्रतीचं, साधंसुधं. एदो काळात, म्हणजे साधारण १६०३ ते १८६८, पांढरी साखर महाग वस्तू होती, तिच्यापासून बनायची ती जोगाशी, वरच्या दर्जाची मिठाई, सरदार दरकदार आणि पैसेवाल्यांसाठी, चहाच्या समारंभासाठी. गरिबांच्या पोरांना मिळायचं ते काळ्या साखरेचं, पाकाचं, भरड धान्याचं काहीतरी, आणि ते एक मोन या सगळ्यात छोट्या नाण्याला मिळायचं म्हणून त्याला एक मोनचा खाऊ असंच म्हणायचे. पुढे १८६८ नंतरच्या मेइजी काळात नाणी बदलली तर तोच एक सेनचा, म्हणजे येनच्या शंभराव्या भागाचा, खाऊ झाला. गंमत बघा, नाव चवीवरून नाही, आकारावरून नाही, थेट नाण्यावरून. म्हणजे पोराच्या मुठीत जे एक नाणं आहे त्याला जे येतं ते. तुम्ही आधी नाणं धरायचं आणि मग त्यात बसेल असा खाऊ शोधायचा.

आणि हा खाऊ विकणारी दुकानं म्हणजे दागाशीया. युद्धानंतर ही दुकानं शाळेच्या आसपास, गल्लीच्या तोंडाशी, देवळाच्या आवारात, सगळीकडे असायची. घराचीच पुढची खोली, काचेच्या बरण्या, लाकडी खोकी, वर लटकवलेली खेळणी, आणि आत तातामीवर म्हणजे गवताच्या चटईवर बसलेली एक म्हातारी, जिला सगळी पोरं ओबाचान म्हणणार आणि जी प्रत्येक पोराच्या घरचं सगळं जाणून असणार. तिथे दोरा ओढायचा खेळ असतो, दोऱ्यांचा एक जुडगा, त्यातला एक ओढायचा, दुसऱ्या टोकाला बांधलेली साखरेची गोळी छोटी निघते की मोठी ते नशीब. काही खाऊंच्या वेष्टणात आतून आतारी म्हणजे लागली असं छापलेलं असतं, ते दाखवलं की आणखी एक फुकट. जुगाराचं प्राथमिक शिक्षणच म्हणायचं. तव्यावर पातळ पीठ ओतून पोरं त्यात अक्षरं काढायची, मोजी म्हणजे अक्षर, त्याला मोजी-याकी म्हणायचे आणि तेच पुढे मोंजायाकी झालं असं सांगतात, जे आज टोकियोत मोठी माणसं बिअरबरोबर ऐटीत खातात.

कामिशिबाइवालेही याच जगातले. सायकलवर मागे लाकडी पेटी, पेटीत चित्रांचे पुठ्ठे आणि खालच्या खणात पाकाचा खाऊ, गल्लीत येऊन लाकडाच्या दोन पट्ट्या टक टक वाजवायच्या, पोरं गोळा झाली की आधी खाऊ विकायचा आणि मग एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायची. गोष्ट फुकट, खाऊला पैसे. ज्याने खाऊ घेतला तो पुढे उभा, नाही घेतला तो मागे. १९३० च्या मंदीत बेकार झालेल्या कित्येकांनी यावर पोट भरलं, युद्धानंतर परत एकदा जोर आला आणि मग १९५३ मध्ये टीव्ही आला. सुरुवातीला लोक टीव्हीलाच विजेवरचं कामिशिबाइ म्हणायचे, आणि मग सायकलवाल्यांना कोणी विचारेना.

दुकानंही तशीच हळूहळू गेली. कोन्बिनी म्हणजे चोवीस तास उघडी छोटी दुकानं आली, व्हिडिओ गेम आले, पोरंच कमी झाली, ओबाचान म्हाताऱ्या झाल्या आणि त्यांच्या मुलांना दिवसभर बसून दहा दहा येन मोजायचे नव्हते, आणि त्यांची काय चूक. टोकियोच्या निप्पोरी स्टेशनजवळ एकेकाळी शंभरावर दागाशीचे घाऊक विक्रेते होते, तिथे आता उंच इमारती आहेत. सैतामातल्या कावागोएची खाऊगल्ली अजून आहे, १९२३ च्या भूकंपात टोकियोची वाताहत झाल्यावर तिकडून टोकियोला खाऊ पुरवला जायचा आणि गल्ली तेव्हा भरभराटीला आली, आता आहेत ती वीसेक दुकानं पर्यटकांच्या जिवावर. गेलो होतो आम्ही, छान आहे, पण तिथे पोरांपेक्षा फोटो काढणारे आईबाप जास्त. आम्ही पण त्यातलेच.

तर उमाइबो आला तो असा, पोराची मूठ आणि त्यातलं एक नाणं या जुन्या गणितात. १९७९ मध्ये ते नाणं होतं १० येनचं. तांब्याचं नाणं, एका बाजूला उजीच्या ब्योदोइन देवळातला फिनिक्स हॉल कोरलेला. १९७२ पासून सार्वजनिक फोनवर याच नाण्यात गावातल्या गावात तीन मिनिटं बोलता यायचं. म्हणजे शाळेतून निघालेल्या पोराच्या खिशात एक १० येन असणारच, घरी फोन करायला म्हणून दिलेलं, आणि ते कुठे जाणार हे आईलाही माहीत असणार.

पण तेव्हाही १० येनला खाऊ देणं सोपं नव्हतं. तिरोल चॉकलेटचं उदाहरण घ्या. क्युशूच्या फुकुओकात तागावा म्हणून कोळशाच्या खाणींचा भाग, तिथल्या कंपनीने १९६२ मध्ये तीन उंचवट्यांचं चॉकलेट काढलं, १० येनला, कारण पोरांना परवडलं पाहिजे. मग सत्तरच्या दशकात तेलाचा भडका उडाला, सगळं महागलं आणि किंमत वाढवत वाढवत ३० येनपर्यंत न्यावी लागली आणि विक्री बसली. मग त्यांनी काय केलं, तर तीन उंचवट्यांतला एकच ठेवला आणि किंमत परत १० येन. हे पण १९७९ मध्येच! मला हे फारच भारी वाटतं, म्हणजे नाणं बदलणार नाही, चॉकलेट बदलेल. पुढची गंमत म्हणजे १९९३ मध्ये कोन्बिनीत ठेवायचं तर बारकोड पाहिजे आणि एवढ्याशा चौकोनावर बारकोड मावेना, म्हणून चॉकलेट थोडं मोठं केलं आणि ते २० येनचं झालं. बारकोडसाठी चॉकलेट मोठं करणारे लोक आहेत हे.

उमाइबोने मात्र १० येन सोडले नाहीत. बेचाळीस वर्षं. त्यात जमिनीच्या किमती आकाशाला भिडल्या नि फुगा फुटला, १९८९ मध्ये ३ टक्के विक्रीकर आला, १९९७ मध्ये ५ टक्के, २०१४ मध्ये ८ टक्के, २०१९ मध्ये १० टक्के झाला पण खाण्याच्या वस्तूंवर ८ च राहिला. वजन थोडंफार कमीजास्त केलं, मका महागला की काठी जरा बारीक व्हायची, हे कंपनीपेक्षा पोरांना आधी कळायचं. किंमत तीच.

आणि या करात एक मजा होती. १० येनवर ८ टक्के म्हणजे ८० सेन, आणि सेन तर आता चलनात नाहीत, बरीच दुकानं येनच्या खालचा तुकडा सोडून देतात. म्हणजे एक काठी घेतली तर १० येनच. पण दहा एकदम घेतल्या तर १०८! म्हणून पोरं एक घ्यायची, पैसे द्यायची, परत रांगेत लागायची, परत एक. टॅक्स प्लॅनिंग. नवऱ्याच्या ऑफिसातल्या त्या काकांनी त्यांच्या मुलाची ही गोष्ट लेकीसमोर सांगितली आणि मी तेव्हाच ओळखलं की ही आपल्याला महागात पडणार.

शेवटी २०२२ च्या एप्रिलमध्ये उमाइबो १२ येन झाला. अमेरिकेतला मका महाग, तेल महाग, पुडीचं प्लास्टिक महाग, वाहतूक महाग, कारणं सगळी खरीच होती. पण बातमी जानेवारीत आली तेव्हा इथे जे झालं ते बघून मी चक्रावले. टीव्हीवर मुख्य बातम्यांत. अर्थतज्ज्ञ बोलावलेले. दोन येन! लोक रागावले नाहीत, ते मला जास्त आश्चर्य वाटलं, उलट इतकी वर्षं कसं जमवलंत हो, असाच सूर होता. आमच्या ऑफिसातल्या एका सिनियर बाईंनी फक्त "सोक्का" म्हणजे "अच्छा, असं का" म्हटलं आणि गप्प बसल्या, जसं काही कोणी ओळखीचं गेल्याची बातमी कळावी.

मला वाटतं ज्या देशात तीस वर्षं भावच हलले नाहीत, पगारही हलले नाहीत, तिथे किंमत ही एक प्रकारची शपथ होऊन बसते. २०१६ मध्ये गारीगारी-कुन या बर्फाच्या कांडीची किंमत पंचवीस वर्षांनी ६० ची ७० येन झाली तेव्हा कंपनीने जाहिरात काढली होती, कारखान्यासमोर सगळे वरिष्ठ, कर्मचारी सूट नि गणवेशात ओळीने उभे आणि एकदम कमरेत वाकून माफी मागतात. दहा येनसाठी. ती बघून मला आधी हसू आलं आणि मग का कोण जाणे थोडं भरून आलं. अर्थात जाहिरात ती जाहिरात, कांडी खपली असणारच, पण तरी.

आणखी एक गोष्ट, इथले लोक कुठलीही रक्कम उमाइबोत मोजतात. इंटरनेटवर तर हे नेहमीचंच. फोन एक लाख येनचा? म्हणजे दहा हजार उमाइबो. पार्टीचे ४००० येन? चारशे काठ्या, अरे नको, मी घरी जातो. १० ने भागणं सोपं होतं म्हणून हे चाललं, आता १५ ने भागायचं म्हणजे कॅल्क्युलेटर काढायला लागतो आणि विनोद मरतो. भाववाढीचं हे नुकसान कुठल्या अर्थतज्ज्ञाने टीव्हीवर सांगितलं नाही.

सहलीच्या आधीच्या रविवारी आम्ही लेकीला झोशिगायाला घेऊन गेलो. टोकियोत जी जुनी ट्राम उरली आहे तिने जायचं, किशिमोजिन देवळाच्या थांब्यावर उतरायचं, झाडांच्या रांगेतून आत गेलं की देऊळ, प्रचंड जुना गिंको वृक्ष, आणि त्याच आवारात कामीकावागुचिया नावाचं दागाशीचं दुकान. १७८१ पासूनचं! देशातलं सगळ्यात जुनं असं म्हणतात. एवढंसं आहे, लाकडी, खाली मांडलेल्या खोक्यांत खाऊ, मागे हिशेबाला बसलेली माणसं शांत. तिथे उभं राहून उमाइबो निवडायचा म्हणजे काय वाटतं ते सांगता येत नाही, १७८१ च्या दुकानात १९७९ चा खाऊ, पण मुळीच विजोड वाटत नाही.

आणि त्या देवीचं काय सांगू. किशिमोजिन म्हणजे आपली हारीती. बौद्ध कथेतली यक्षिणी, स्वतःला शेकड्याने पोरं पण दुसऱ्यांची पोरं पळवून खायची, मग बुद्धाने तिचं सगळ्यात धाकटं लेकरू लपवून ठेवलं, तेव्हा तिला कळलं की आईच्या जिवाचं काय होतं, आणि त्या दिवसापासून ती मुलांची राखण करायला लागली. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात तिची मोठी मूर्ती आहे नवऱ्याबरोबर, म्हणजे पांचिकाबरोबर, खाली पायथ्याशी गुरुजी आणि वर्गातली वात्रट पोरं कोरलेली, ज्यांनी बघितलंय त्यांना आठवेल. झोशिगायाच्या देवळात तिच्या नावातलं ओनि म्हणजे राक्षस हे अक्षर लिहिताना वरचा छोटा फटकारा गाळतात, कारण ती आता राक्षसीण नाही, तिचं शिंग गेलं. मुलं खाणारी ती मुलांची देवी झाली आणि तिच्या दारात मुलांच्या खाऊचं दुकान. मी लेकीला ही गोष्ट सांगत होते, तिने ऐकली आणि विचारलं, "मग तिला उमाइबो चालतो का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक ठेवली तिने पायरीवर, देवळातल्या माणसाने बघितलं, हसला आणि दुसरीकडे वळला. जाताना कावळे नेतील म्हणून मीच परत उचलून पर्समध्ये टाकली, देवी माफ करो.

खरी खरेदी मात्र घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये झाली. तिथे पाटी होती १५ येन, अधिक कर, १६.२. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "आई, एकेक घेतली तर १६. दहा घेतल्या तर १६२. दोन येन." मी म्हटलं, मागे माणसं उभी आहेत, दहा वेळा रांगेत लागायला आपल्याला तो चेहरा नाही. ती म्हणाली, "पण ते दोन येन माझे आहेत." आणि मला एकदम काही बोलता येईना, कारण खरंच, त्या ३०० मध्ये मी तिला काही सांगत नव्हते, काय घे, काय नको, दात किडतील, काही नाही. घरातल्या सगळ्या गोष्टी आम्ही ठरवतो, शाळेत शाळा ठरवते, हे ३०० येन तेवढे तिचे होते. तिने एक तास लावला दुकानात. घेतलं, ठेवलं, परत घेतलं, बोटं मोजली, एका चॉकलेटसमोर पाच मिनिटं उभी राहिली आणि ठेवून दिलं. शेवटी नऊ उमाइबो, कॉर्न पोटाज पाच आणि मेंताइ चार, बाकी गोळ्या आणि एक छोटी च्युइंगम. सगळं मिळून २९४ येन करासकट. सहा येन उरले ते पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवले. रांगेत आम्ही एकदाच लागलो, तडजोड म्हणून.

सहलीला ऊन छान होतं म्हणे. टेकडीवर गेले होते, डबा खाल्ला, मग खाऊची अदलाबदल झाली, जी या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे हे मला उशिरा कळलं. संध्याकाळी मी तिचं दप्तर रिकामं केलं तर तळाशी भुगा, चार रिकाम्या पुड्या नीट घडी घातलेल्या, आणि एक न उघडलेली काठी. नात्तो. म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची चव, तीच, तार सुटणारी, वास येणारी.

"ही कुठून आली?"

"बदली केली. दोन कॉर्न पोटाज देऊन."

"दोन? नात्तोसाठी?"

"अख्ख्या वर्गात कोणाकडेच नव्हती आई. एकच होती."

"मग खाल्ली का नाहीस?"

"मला नात्तो आवडत नाही."

रात्री ती झोपल्यावर मी ओट्याजवळ उभं राहून ती पुडी उघडली. पहिला घास ठीक होता, सोया सॉससारखा काहीतरी, मी मनात म्हटलं एवढं काही नाही. आणि मग जिभेवर ती पूड ओली झाली आणि चिकट व्हायला लागली. सहा ग्रॅमच्या सुक्या मक्याच्या नळीतून, देवाशप्पथ, तार सुटली.